चार्लस डार्विन यांचे चरित्र व आमची साक्ष

नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील मंडळ्यांस भेटी देत असता एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात आला आहे, आणि तो बहुधा मुलांच्या तोंडून आला आहे. महाराष्ट्रात २०१८ साली इयत्ता दहावीचे विज्ञानाचे जे नवे पुस्तक आले, त्याच्या दुसऱ्या भागाचा पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांती यांविषयी होता. मुलगा तो पाठ शाळेत शिकतो, आदितवारी उपासनेस येतो, आणि उपासना आटोपल्यावर उपदेशकास गाठून विचारतो की, देवाने मनुष्यास घडविले हे खरे, की पुस्तकात आहे ते खरे? उपदेशक जे उत्तर देतो ते बहुधा दोहोंपैकी एक असते. डार्विन नावाचा एक नास्तिक होता, त्याने देवाला खोटे ठरविण्यासाठी माणूस माकडापासून झाला असे लिहिले, हे एक उत्तर. तोच डार्विन मरतेवेळी पश्चात्ताप करून, आपले मत टाकून प्रभूकडे वळला, हे दुसरे. मुलगा गप्प बसतो. पण त्याचे समाधान झालेले नाही हे त्याच्या तोंडावर दिसते.

हा वाद आमच्या मंडळ्यांपुरताच आहे असेही नाही. त्याच २०१८ सालच्या जानेवारीत आमच्याच मराठवाड्यात, औरंगाबाद येथे (ज्यास २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणतात), एका वैदिक संमेलनाच्या प्रसंगी केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास खात्याचे तेव्हाचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी असे प्रतिपादन केले की, डार्विन यांचा सिद्धांत शास्त्रदृष्ट्या चुकीचा आहे, वानराचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, सबब तो शाळांतून शिकवू नये. देशातील तीन मोठ्या विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून हे म्हणणे निराधार ठरविले. मंत्रिमहाशय आमच्या धर्माचे नव्हते; तथापि जवळजवळ तेच बोलणे आमच्या कित्येक व्यासपीठांवरूनही ऐकू येते, हे आम्ही कबूल केले पाहिजे. ज्या मनुष्याविषयी इतके बोलले जाते, त्याचे चरित्र मात्र आमच्यापैकी फार थोड्यांस ठाऊक आहे. म्हणून ते येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

चार्लस डार्विन यांचा जन्म ता. १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडातील श्रूजबरी या गावी झाला. वडील नामांकित डॉक्टर होते. चार्लस आठ वर्षांचा असता त्याची आई वारली. मुलास शाळेतील पाठांतराची गोडी नव्हती. किडे, पाखरांची अंडी व दगड गोळा करण्यातच त्याचे मन रमे. सोळाव्या वर्षी वडिलांनी त्यास वैद्यकी शिकण्यास एडिंबरो येथे पाठविले. त्या काळी भूल देण्याची विद्या निघालेली नव्हती. एका लहान मुलावर चाललेली शस्त्रक्रिया पाहवेना म्हणून तो तेथून पळाला, आणि वैद्यकीचा नाद त्याने कायमचा सोडला. त्या गावी जॉन एडमन्स्टन या नावाचा एक मनुष्य राहत असे. तो आफ्रिकन वंशाचा असून पूर्वी गुलाम होता व आता मुक्त झाला होता. मेलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांत भुसा भरून ते टिकविण्याची कला डार्विन त्याच्याजवळ पैसे देऊन शिकले, व त्याच्या सहवासात त्यांस मोठा संतोष वाटला. दोन्ही आजोबांकडून गुलामगिरीचा तिटकारा त्यांच्या घराण्यात आलाच होता. तो त्यांच्या ठायी जन्मभर राहिला.

डॉक्टर व्हावयाचे नाही, तर मुलाने पाळक तरी व्हावे असे वडिलांनी ठरविले, आणि त्यासाठी त्यास केंब्रिज येथे पाठविले. आमच्या पुष्कळ वाचकांस याचे आश्चर्य वाटेल, परंतु चार्लस डार्विन हे मंडळीच्या सेवेसाठीच विद्यापीठात गेले होते, आणि त्या वेळी त्यांस त्यात काही अवघड वाटत नव्हते. तेथे विल्यम पेली या धर्मपंडिताचे ग्रंथ त्यांनी फार आवडीने वाचले. पेली यांचा १८०२ साली निघालेला सृष्टीविषयीचा ग्रंथ त्या काळी घरोघरी मानला जात असे. त्यातील मुख्य युक्तिवाद असा: माळरानावर चालत असता पायास दगड लागला तर तो येथे कसा आला असे कोणी विचारणार नाही, पण तेथे घड्याळ पडलेले आढळले, तर त्याची चाके व कमान एकमेकांत नेमकी बसलेली पाहून, याचा कोणी तरी कारागीर असला पाहिजे असे आपण म्हणू. मग डोळा, पंख, मासळीचे कल्ले ही घड्याळाहून अधिक नाजूक रचना पाहून, त्यांचाही कोणी बुद्धिमान योजक आहे असे का म्हणू नये? तरुण डार्विन यांस हा युक्तिवाद पूर्ण पटला होता. पुढे त्यांनी त्याचे खंडन केले, ते तो न समजल्यामुळे नव्हे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

केंब्रिजातील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक हेन्स्लो हे स्वतः पाळक होते. त्यांच्याच शिफारशीने डार्विन यांस बीगल नावाच्या सरकारी जहाजावर निसर्गसंशोधक म्हणून जाण्याची संधी मिळाली. जहाज जेमतेम नव्वद फूट लांब, आणि कप्तान फिट्झरॉय अवघ्या सव्वीस वर्षांचा. ता. २७ डिसेंबर १८३१ रोजी ते इंग्लंडाच्या किनाऱ्यावरून निघाले आणि ता. २ ऑक्टोबर १८३६ रोजी परत आले. या जवळजवळ पाच वर्षांत डार्विन यांनी जे पाहिले त्यापैकी काही गोष्टी येथे सांगतो, कारण त्यांचा आमच्या मुलखाशी संबंध जुळतो.

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पुंता आल्ता या ठिकाणी १८३२ साली त्यांनी कड्याच्या गाळातून प्रचंड प्राण्यांची दगड झालेली हाडे खणून काढली. ते प्राणी आता पृथ्वीवर कोठेही नाहीत. पण त्यांची ठेवण त्याच देशात आज वावरणाऱ्या लहान प्राण्यांच्या ठेवणीशी मिळती होती. लातूर जिल्ह्यातील मांजरा नदीच्या काठच्या जुन्या गाळातही विद्वानांस असेच अवशेष सापडले आहेत. हत्ती, पाणघोडे व रानबैल एके काळी आमच्या या कोरड्या मुलखात पाणी पीत होते, हे त्या हाडांवरून कळते. त्या गाळाखालचा जो काळा खडक आमच्या शेतकऱ्यांच्या नांगरास लागतो, तो तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या पोटातून वितळून वाहत आलेला आहे.

पुढे ता. २० फेब्रुवारी १८३५ रोजी डार्विन हे चिली देशातील वाल्दिव्हिया गावाजवळ रानात विसावा घेत पडले असता भूमी हादरू लागली. काही दिवसांनी ते कन्सेप्शन शहरी पोहोचले, तेव्हा तेथे एक घर धड उभे नव्हते. किनाऱ्याची जमीन कित्येक फूट वर उचलली गेली होती आणि पाण्यात राहणारे शिंपले खडकावर उघडे पडून कुजत होते. लातूरच्या वाचकांस हे परके वाटणार नाही. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास, गणपती बोळवून लोक निजले असता, किल्लारी व आसपासच्या गावांतील दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्या अंगावर कोसळल्या, आणि हजारो माणसे अंथरुणातच गेली. डार्विन यांनी भूकंपापासून जो बोध घेतला तो असा की, आपण ज्या भूमीस अढळ म्हणतो ती अढळ नाही. ती थोडीथोडी उचलली जाते, आणि काळ पुरेसा मिळाला तर त्या थोड्याचाच पर्वत होतो.

त्याच वर्षी सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांत जहाज गॅलापागोस या ओसाड बेटांवर थांबले. तेथील कासवाच्या पाठीवरून ते कोणत्या बेटावरचे हे सांगता येते असे तेथील अधिकाऱ्याने त्यांस सांगितले. पक्षीही बेटागणिक थोडे निराळे. त्यांच्याच मनात त्या क्षणी उजेड पडला असे नाही. घरी आल्यावर १८३७ साली लंडनच्या पक्षितज्ज्ञांनी ते नमुने तपासले, तेव्हा कोठे त्यांस विचार सुचला की, हे सर्व एकाच पूर्वजाचे वंशज असून वेगवेगळ्या बेटांवर राहून वेगळे झाले असावेत.

या प्रवासाची आणखी एक बाजू आहे, आणि ती आमच्या वाचकांनी अवश्य जाणावी. जहाजावर तिएरा देल फ्वेगो या अतिदक्षिणेच्या प्रदेशातील तीन माणसे होती. कप्तानाने त्यांस पूर्वी इंग्लंडात नेऊन शिकविले होते. त्यांच्याबरोबर रिचर्ड मॅथ्यूज या नावाचा एक तरुण मिशनरी त्या प्रदेशात उतरला. पण तेथील लोकांनी त्याचे सामान लुटले व जिवावर बेतले, म्हणून काही दिवसांतच त्यास जहाजावर परत घ्यावे लागले. हे लोक कधी सुधारणार नाहीत, असे डार्विन यांस तेव्हा वाटले. उलटपक्षी ताहिती व न्यूझीलंड येथील मिशनांचे काम पाहून ते इतके संतुष्ट झाले की, त्यांनी व कप्तानाने मिळून मिशनऱ्यांच्या बाजूने एक पत्र लिहिले, व ते १८३६ साली दक्षिण आफ्रिकेतील एका ख्रिस्ती मासिकात छापून आले. पुढे कित्येक वर्षांनी तिएरा देल फ्वेगोतही मिशनचे काम रुजले असे त्यांस कळले, तेव्हा आपला तर्क चुकला असे त्यांनी मोकळेपणी मान्य केले, आणि त्या मिशनास ते वर्गणी पाठवीत राहिले. ज्यास आम्ही देवाचा वैरी म्हणतो, त्याने आपली चूक दिसताच ती कबूल केली व तिच्यापायी पैसाही खर्च केला. आम्हांपैकी किती जण असे करतात?

घरी परतल्यावर डार्विन यांनी ता. २९ जानेवारी १८३९ रोजी आपली मामेबहीण एमा वेजवुड हिच्याशी विवाह केला. ती मोठी भाविक स्त्री होती. पतीच्या मनातील शंका तिला ठाऊक होत्या; त्यांविषयी तिने त्यास प्रेमाने पत्र लिहिले, व ते त्याने जन्मभर जपून ठेविले. १८४२ साली ते दोघे केंट परगण्यातील डाउन या खेड्यात राहावयास गेले. त्यापुढील चाळीस वर्षे डार्विन तेथेच होते. प्रकृती नेहमी बिघडलेली असे. दिवसातून काही तासच काम होई.

या खेड्यातील घरी त्यांचा सिद्धांत तयार झाला. तो आम्ही आमच्या शेतकरी वाचकांस त्यांच्याच गोठ्यातील उदाहरणाने सांगतो. लातूर जिल्ह्यात देवणी जातीची गाय आहे. तिच्यात पांढरीशुभ्र ती बालंक्या, तोंडाच्या बाजूंस काळी ती वानेरा, व अंगावर काळे ठिपके असलेली ती शेवेरा, असे भेद आहेत. नांदेड जिल्ह्यात कंधारकडे लाल कंधारी जात आहे. या जाती आयत्या आकाशातून पडल्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी चांगला वळू निवडून ठेविला, नको तो विकला, आणि असे करता करता जात उभी राहिली. माळेगावच्या जत्रेत बैल पारखणारा मनुष्य हेच करीत असतो. कोणत्या दिवशी साध्या गाईची देवणी झाली असे विचाराल, तर तो दिवस कोणी पाहिलेला नाही. तरी देवणी गाय गोठ्यात उभी आहे. डार्विन यांनी कबुतरे पाळणाऱ्यांच्या व जनावरे पैदा करणाऱ्यांच्या संगतीत बसून हेच अभ्यासिले.

मग त्यांनी विचारले की, रानात पारख करणारा कोण? १८३८ साली माल्थस यांचा ग्रंथ वाचताना त्यांस उत्तर सुचले. जन्मणारे जीव फार, व अन्न थोडे. अवर्षणाच्या साली ज्वारीची बहुतेक ताटे करपतात. एखाद्या ताटाचे मूळ किंचित खोल गेलेले असते, तेच तेवढे कणसास येते, आणि पुढील पेरणी त्याच्याच दाण्यांची होते. अशी निवड हजारो पिढ्या चालली, तर पीक पालटून जाईल. या निवडीस त्यांनी नैसर्गिक निवड असे नाव दिले. डोळ्यासारखी नाजूक रचनाही, प्रत्येक पायरीस थोडा उपयोग होत, अशाच लहान लहान पायऱ्यांनी होऊ शकते, असे त्यांचे म्हणणे पडले. पेली यांच्या घड्याळाला हे त्यांचे उत्तर होय.

हा विचार हाती असूनही त्यांनी वीस वर्षे तो छापला नाही. आठ वर्षे तर त्यांनी समुद्रातील खडकांस चिकटणाऱ्या बारीक शिंपलेवजा प्राण्यांच्या अभ्यासातच घालविली. याच काळात त्यांच्यावर मोठे दुःख कोसळले. त्यांची लाडकी मुलगी ॲनी ही दहा वर्षांची असता, ता. २३ एप्रिल १८५१ रोजी, मालव्हर्न या गावी तापाने वारली. बाप उशाशी होता. देव प्रत्येक गोष्ट ठरवून करतो यावरील त्यांचा उरलासुरला भरवसा या मृत्यूने फारच खचला, असे त्यांचे चरित्रकार समजतात. सृष्टीतही त्यांस हाच प्रश्न दिसे. एका जातीची गांधीलमाशी जिवंत सुरवंटाच्या अंगात अंडी घालते, आणि तिची पिल्ले त्यास आतून खात वाढतात. आमच्या घरांच्या कोपऱ्यांत मातीचे घर बांधणारी कुंभारीण हिचीच बहीण. तीही अळ्या पकडून पिल्लांसाठी कोंडून ठेविते. दयाळू देवाने हे मुद्दाम योजून केले असेल हे त्यांस पटेना. किल्लारीच्या ढिगाऱ्यांपुढे उभे राहून आमच्याही बंधुभगिनींनी हेच विचारले होते. डार्विन यांच्या शंकेस जो हसतो, त्याने ईयोबाचे पुस्तक नीट वाचलेले नाही.

१८५८ सालच्या जूनमध्ये मलाया द्वीपसमूहातून आल्फ्रेड वॉलेस या दुसऱ्या संशोधकाचे पत्र आले. त्यात तोच विचार स्वतंत्रपणे मांडलेला होता. डार्विन यांस स्वतःचे श्रम पाण्यात गेल्यासारखे वाटले. तरी त्यांनी ते पत्र दडविले नाही, मित्रांच्या स्वाधीन केले. ता. १ जुलै रोजी लंडनच्या लिनीअन संस्थेत दोघांचे लेख एकत्र वाचण्यात आले. डार्विन स्वतः हजर नव्हते, कारण तीनच दिवसांपूर्वी त्यांचा तान्हा मुलगा वारला होता. पुढील वर्षी, ता. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी, जातींच्या उत्पत्तीविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १२५० प्रती छापल्या होत्या. पुस्तकविक्रेत्यांनी त्या लागलीच उचलल्या.

मंडळीने या ग्रंथाचे स्वागत कसे केले? सर्वांनी एकमुखाने धिक्कार केला असे आम्हांस सांगण्यात येते, पण ते खरे नाही. ता. ३० जून १८६० रोजी ऑक्सफर्ड येथील सभेत बिशप विल्बरफोर्स यांनी विरोध केला व हक्स्ली यांच्याशी त्यांचा खटका उडाला, हे प्रसिद्धच आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टनचे धर्मपंडित चार्लस हॉज यांनी १८७४ साली पुस्तक लिहून असा निकाल दिला की, सृष्टीतील योजना नाकारणे म्हणजे देवास नाकारणेच होय. हॉज हे विचारी गृहस्थ होते आणि त्यांची शंका पोकळ नव्हती. परंतु पाळक चार्लस किंग्स्ली यांनी तो ग्रंथ आनंदाने स्वीकारला. आणि जे पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले, त्या फ्रेडरिक टेंपल यांनीही त्यात विश्वासास धोका पाहिला नाही.

सर्वांत महत्त्वाचे नाव हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांचे. ते निष्ठावंत ख्रिस्ती होते, व अमेरिकेत डार्विन यांचा पक्ष त्यांनीच घेतला. नैसर्गिक निवड हे देवाच्या हातचे साधन असू शकेल. जीवांत जे फेरफार होतात त्यांस देवच हितकर वाटेने नेत असेल, असे त्यांनी लिहिले. डार्विन यांनी पदरचा पैसा घालून ग्रे यांचे हे लेख लंडनमध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध करविले. तथापि ते स्वतः ग्रे यांच्याशी सहमत झाले नाहीत. १८६८ सालच्या ग्रंथाच्या शेवटी त्यांनी गवंड्याचा दाखला घेतला. कड्यावरून पडलेल्या दगडांतून निवडून गवंडी घर बांधतो. दगडांचे आकार मात्र घरासाठी म्हणून कोणी घडविलेले नसतात, ते कडा कोसळताना जसे फुटले तसे फुटले. तसेच जीवांतील फेरफारांचे आहे, असे त्यांचे मत. दोघांचा मतभेद शेवटपर्यंत मिटला नाही, आणि मैत्रीही शेवटपर्यंत तुटली नाही. आमच्या मंडळ्यांत पाण्याच्या नळावरून दोन घराणी वर्षानुवर्षे बोलत नाहीत. त्यांनी या दोघांकडे पाहावे.

१८७१ साली मनुष्याच्या वंशाविषयी डार्विन यांचा ग्रंथ निघाला. माणूस आजच्या माकडापासून झाला, असे त्यांचे म्हणणे आहे असा पुष्कळांचा समज असतो. त्यांचे म्हणणे निराळे आहे. गावात भावकी असते. चुलत चुलत भाऊ एकमेकांचे बाप नसतात, पण मूळ पुरुष एक असतो. मनुष्य व वानर यांचे नाते अशा दूरच्या भावकीचे आहे, असे ते म्हणतात. याच विचारातून त्यांनी सर्व मानववंश एकाच मुळाचे आहेत असे प्रतिपादिले. ज्यांस शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवण्यात आले, त्या आमच्या लोकांस हे म्हणणे अपमानाचे का वाटावे?

त्यांचे शेवटचे पुस्तक १८८१ साली गांडुळांवर निघाले. इंग्लंडात कित्येक ठिकाणी दर एकरी वर्षास दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते व जमीन सुपीक होते, असे त्यांनी मोजून दाखविले. जगभर गाजलेला हा मनुष्य गावच्या पाळकाचा स्नेही होता, गावकऱ्यांच्या मदत-मंडळाचा हिशेब ठेवी, आणि शाळेस साह्य करी. मात्र उपासनेस जाणे त्याने सोडले होते. आपण देवाचे अस्तित्व नाकारणारे कधी नव्हतो, पण या बाबतीत आपणास निश्चित काही कळत नाही, असे त्यांनी १८७९ साली एकास कळविले. ता. १९ एप्रिल १८८२ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, पत्नी व मुले जवळ असता ते वारले.

ता. २६ एप्रिल रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या थोर मंदिरात त्यांस मूठमाती देण्यात आली. त्यांची शवपेटी वाहणाऱ्यांत वॉलेस व हक्स्ली होते, तसेच कॅनन फ्रेडरिक फॅरर हेही होते. हे फॅरर १८३१ साली मुंबईत जन्मले. त्यांचे वडील चर्च मिशनचे मिशनरी असून त्यांनी नाशिक येथे सुवार्तेचे काम केले. आमच्याच महाराष्ट्रातील मिशनऱ्याच्या या पुत्राने डार्विन यांच्या पेटीस हात दिला, व त्यांच्या गौरवार्थ त्या मंदिरात उपदेशही केला. डार्विन यांस विश्वासी म्हणून खोटे सजविण्याची त्यांस गरज वाटली नाही, आणि वैरी म्हणून दूर लोटण्याचीही नाही.

आता मरतेवेळच्या पश्चात्तापाच्या गोष्टीविषयी. लेडी होप नावाच्या बाईने ती सांगितली, व १९१५ साली ती अमेरिकेतील एका ख्रिस्ती पत्रात छापली गेली. डार्विन यांची कन्या हेन्रिएटा हिने १९२२ साली लंडनच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकातच लिहून कळविले की, बापाच्या मरणसमयी आपण जवळ होतो, लेडी होप त्या आजारात आलीच नव्हती, आणि बापाने आपले कोणतेही शास्त्रीय मत मागे घेतले नाही. तरी आज शंभर वर्षे ती गोष्ट व्यासपीठांवरून सांगितली जाते. उपदेशक बंधूंनो, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये अशी आज्ञा आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. मेलेल्या मनुष्याच्या बाजूने दिलेली खोटी साक्षही खोटीच होय. आज ना उद्या मुलास खरे कळेल; तेव्हा तो डार्विनविषयीचे आपले बोलणे तेवढे टाकील, की त्याबरोबर प्रभूविषयीचेही टाकील?

पेली यांचा युक्तिवाद अलीकडे बुद्धिमान योजनावाद या नावाने नव्याने पुढे आला. अमेरिकेतील मायकेल बीही यांनी १९९६ सालच्या पुस्तकात असे मांडले की, जीवपेशीतील काही यंत्रे उंदराच्या सापळ्यासारखी आहेत. एक भाग काढला तर ती चालत नाहीत, म्हणून ती पायरीपायरीने बनणे शक्य नाही. शास्त्रज्ञांचे उत्तर असे की, त्यांतील भाग पूर्वी निराळ्या कामी येत होते असे आढळते. शिवाय आज एखादी गोष्ट उमगत नाही, एवढ्यावरून ती कधी उमगणार नाही असे ठरत नाही. पेन्सिल्व्हेनियातील डोव्हर गावच्या शाळेत हा वाद शिरला, तेव्हा पालकांनी फिर्याद केली. ता. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी हा वाद विज्ञान नव्हे असा निकाल दिला. पालकांच्या बाजूने साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर हे स्वतः ख्रिस्ती विश्वासी आहेत. इकडे आमच्या देशात २०२३ साली केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळलेला दिसला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षक यांनी त्याविरुद्ध पत्र काढले.

आमचे मत आम्ही सांगतो. जेथे जेथे मनुष्यास कारण कळत नाही, तेथे तेथे देवास बसविले, तर विद्या वाढेल तसतसे देवास उठावे लागेल. लातूरच्या लोकांस २०१६ सालच्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने आणलेले पाणी प्यावे लागले. नंतर पाऊस आला, तेव्हा आम्ही देवाचे उपकार मानले. मोसमी वारे समुद्रावरून कसे येतात हे शाळेत शिकलेला मुलगाही त्या उपासनेत होता, व त्याचे उपकार मानणे खोटे नव्हते. पाऊस कसा येतो हे कळल्याने जसा देव दूर गेला नाही, तसाच जीव कसे पालटत आले हे कळल्यानेही जाणार नाही. डार्विन यांच्या गांधीलमाशीचे व ॲनीच्या मरणाचे कोडे मात्र यातून सुटत नाही, आणि ते सुटले असे आम्ही भासविणार नाही. आमचा विश्वास घड्याळाच्या कारागिरावर उभा नाही. जो वधस्तंभावर स्वतः दुःख भोगून मेला त्या प्रभूवर तो उभा आहे, आणि त्याची साक्ष डोळ्याच्या रचनेवरून काढता येत नाही.

म्हणून पुढील आदितवारी तो मुलगा पुस्तक घेऊन आला, तर उपदेशकाने त्यास जवळ बसवावे. पाठ नीट शिक, असे सांगावे. जे आपणास ठाऊक नाही ते ठाऊक नाही, असे म्हणण्याची लाज धरू नये. आणि डार्विन यांचे नाव निघाले, तर त्यांची हकीकत जशी घडली तशी सांगावी.